मटण सोडा, टेन्शन घेऊ नका म्हणे!

मागच्या एप्रिलमध्ये, जयंतीच्या आधीच्या रविवारी, आमच्या वस्तीतल्या विहारात आरोग्य शिबिर झाले. शहरातले एक हृदयरोगतज्ज्ञ आले होते. माणूस वाईट नव्हता. एक पैसा न घेता आला, दुपारपर्यंत थांबला, म्हाताऱ्या आयाबायांशी नीट बोलला. शेवटी माइक हातात घेऊन त्यांनी वीस मिनिटे मार्गदर्शन केले. त्याचे सार असे : तुमच्या लोकांत मटण-मांस फार, ते सोडा. सात्त्विक शाकाहार घ्या. पहाटे उठून प्राणायाम करा. टेन्शन घेऊ नका. बाकी ज्याचे त्याचे नशीब. टाळ्या वाजल्या, चहा झाला, फोटो निघाले.

त्यानंतर अकराव्या दिवशी आमचा एक कार्यकर्ता गेला. वय ४४. कंत्राटी सफाई कामगार होता, रात्रपाळी करायचा. रात्री दोन वाजता छातीत जळजळायला लागले, खांदा दुखायला लागला, अंग घामाने भिजले. घरच्यांनी ओवा आणि काळे मीठ दिले. सकाळी सहाला जवळच्या दवाखान्यात नेले. तिथे ‘गॅस धरलाय’ म्हणून इंजेक्शन देऊन परत पाठवले, ईसीजी काढलाच नाही. साडेनऊच्या सुमारास मोठ्या दवाखान्याकडे नेताना रिक्षातच संपला. अंत्ययात्रेच्या तयारीत त्याच्या शर्टाच्या खिशातून एक घडी घातलेला कागद निघाला. शिबिराचाच कागद. त्यावर निळ्या पेनाने लिहिले होते : बीपी १७०/११०. त्याखाली काही नाही. गोळीचे नाव नाही, कुठे जायचे ते नाही, कधी यायचे ते नाही.

हा माणूस महिन्यातून एकदा, पगार झाला तर, मटण आणायचा.

आम्ही डॉक्टर नाही. पण त्या दिवसापासून आम्ही या विषयावर जे मिळेल ते वाचले, सरकारी दवाखान्यातल्या ओळखीच्या डॉक्टरांना विचारून घेतले, आणि आता आमचे म्हणणे मांडतो. विहारातल्या त्या भाषणात थोडे खरे होते, पण जे खरे होते ते अर्धवट होते, आणि जे अर्धवट होते त्याचा रोख नेहमीप्रमाणे आमच्याच ताटावर होता.

आधी ब्लॉकेज म्हणजे काय ते पाहू, कारण पहिला गैरसमज तिथेच आहे. नळाच्या पाइपात गाळ साचतो तशी चरबी साचते, असे आपल्याला सांगतात. तसे होत नाही. रक्तवाहिनीला आतून फार नाजूक अस्तर असते. वाढलेले बीपी, तंबाखूचे विष, रक्तातली जादा साखर यांनी ते अस्तर दुखावते. मग कोलेस्ट्रॉल वाहून नेणारे एलडीएल नावाचे कण अस्तराखाली, म्हणजे भिंतीच्या आत, शिरतात आणि अडकून बसतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यांना गिळायला जातात, गिळून गिळून फुगतात आणि तिथेच मरतात. सूज येते. भिंतीत फोडासारखा मऊ गोळा तयार होतो, वर पातळ पापुद्रा धरतो. हे काम वीस-वीस, तीस-तीस वर्षे मुकाट्याने चालते. कोरियाच्या युद्धात मेलेल्या अमेरिकन सैनिकांची हृदये तपासली, त्याचा अहवाल १९५३ साली आला. सरासरी वय २२, आणि चारातल्या तिघांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत हा रोग कमीजास्त प्रमाणात सुरू झालेला. मग एके रात्री तो पापुद्रा फाटतो. जखम झाली असे समजून रक्त तिथे गुठळी करते आणि वाट बंद होते. पुढे रक्त जात नाही, हृदयाचा तेवढा स्नायू मरू लागतो. यालाच हार्ट अटॅक म्हणतात. ज्या गोळ्याने वाट अर्धीसुद्धा अडवलेली नव्हती तोही असा फुटू शकतो. म्हणून लोक म्हणतात, अहो, काल तर चांगला हिंडत-फिरत होता.

यात नशीब कुठे आले? अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट १९४५ साली अफाट वाढलेल्या रक्तदाबाने मेंदूत रक्तस्राव होऊन मेले. तोवर मोठमोठे डॉक्टरसुद्धा वाढत्या बीपीला वयाची खूण समजून सोडून देत. १९४८ साली तिकडे फ्रेमिंगहॅम नावाच्या गावात ५,२०९ माणसांची नावे लिहून घेतली आणि वर्षानुवर्षे त्यांची तपासणी केली. कोण आजारी पडतो, कोण नाही, आधी त्यांच्यात काय फरक होता, हे मोजले. बीपी, कोलेस्ट्रॉल, धूम्रपान, मधुमेह ही कारणे तिथून एकेक करून पक्की झाली. २००४ साली ५२ देशांतल्या सुमारे ३० हजार लोकांचा इंटरहार्ट नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या हार्ट अटॅकचा सुमारे ९० टक्के धोका नऊ गोष्टींनी समजावता येतो, असा त्याचा निष्कर्ष : तंबाखू, रक्तातल्या चरबीचे बिघडलेले प्रमाण, उच्च रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरचा ताण, फळे-भाज्या न मिळणे, व्यायामाचा अभाव आणि दारू पिण्या-न पिण्याची सवय. घराण्यातून येणारा धोका असतो, वय असते, पण ललाटीचा लेख या यादीत नाही. कारण असल्याशिवाय कार्य होत नाही आणि कारण काढले की दुःख निघते, हे आम्हाला अडीच हजार वर्षांपूर्वी सांगून झालेले आहे. विहारात उभे राहून नशिबाची भाषा बोलणाऱ्याला निदान समोरच्या मूर्तीकडे एकदा बघावेसे वाटायला हवे होते.

आता मटण. इथे आम्ही खोटे बोलणार नाही. तांबड्या मांसातली घट्ट चरबी एलडीएल वाढवते, हे खरे आहे. रोज चरबीचा रस्सा ओरपणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते. पण हीच घट्ट चरबी साजूक तुपात आहे, लोण्यात आहे, मलईत आहे, पेढ्या-बर्फीत आहे. वनस्पती तुपातली ट्रान्स फॅट तर त्याहून वाईट. कित्येक दशके या देशाने लग्नाच्या पंगतीत ती आग्रह करकरून वाढली आणि तेलातुपात तिची मर्यादा २ टक्क्यांवर आणायला २०२२ साल उजाडावे लागले. तेव्हा ‘तूप सोडा, तुमच्या लोकांत तूप फार’ असे कुठल्या आळीत जाऊन कोणी म्हणाल्याचे आम्ही ऐकलेले नाही. लंडनमध्ये स्थायिक झालेल्या दक्षिण आशियाई लोकांचा १९८० च्या दशकात अभ्यास झाला. हृदयविकाराचे प्रमाण पंजाबी शिखांत जास्त, पाकिस्तानी-बांगलादेशी मुसलमानांत जास्त, आणि ज्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या शाकाहार चालत आला त्या गुजराती हिंदूंतही जास्तच निघाले. म्हणजे शाकाहार हे कवच नव्हते. डाळ, भाजी, फळे, शेंगदाणे, मासे यांचा फायदा आहे, तो पोषणाचा आहे. सात्त्विक-तामसिक हा हिशेब पोषणाचा नाही, तो सोवळ्या-ओवळ्याचा आहे. स्टेथोस्कोप गळ्यात घातला म्हणून त्याचे विज्ञान होत नाही.

आमच्या ताटातला खरा शत्रू वेगळाच आहे, आणि त्याचे नाव भाषणात आलेच नाही. तो म्हणजे मीठ. गरिबाच्या घरी भाजी परवडत नाही तेव्हा भाकरी घशाखाली उतरवायला मीठ-मिरची लागते. ठेचा, लोणचे, पापड, सुकट, खारा बोंबील, आणि आता पोरांच्या हातात पाच रुपयांचे कुरकुरे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे एका चहाच्या चमच्यापेक्षा, जास्त मीठ नको. आमच्या घरात डाळ पातळ आणि ठेचा घट्ट असतो, तिथे हा चमचा न्याहारीलाच संपतो. दुसरा शत्रू रेशनच्या रांगेतून येतो. २०२३ साली सरकारने गुढीपाडवा आणि बाबासाहेबांच्या जयंतीनिमित्त ‘आनंदाचा शिधा’ दिला. शंभर रुपयांत एक किलो रवा, एक किलो चणाडाळ, एक किलो साखर आणि एक लिटर पामतेल. डाळीबद्दल आभार. पण पामतेलातली जवळजवळ निम्मी चरबी घट्ट जातीची असते. जयंतीला तेल-साखर वाटायची आणि शिबिराला डॉक्टर पाठवून मटण सोडा म्हणायचे, हा कुठला न्याय?

‘टेन्शन घेऊ नका’ हे वाक्य आम्हाला सर्वांत जास्त झोंबले. जणू टेन्शन ही दुकानात मिळणारी वस्तू आहे आणि आम्ही हौसेने पिशवी भरून आणतो.

लंडनला व्हाइटहॉल म्हणून सरकारी कचेऱ्यांचा भाग आहे. तिथल्या हजारो पुरुष नोकरदारांचा अभ्यास १९६७ पासून झाला, मायकेल मार्मट या संशोधकाचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. या माणसांत भुकेला कोणी नव्हता. सगळ्यांना पक्की नोकरी, ठरलेला पगार, सगळ्यांना मोफत सरकारी दवाखाना. तरीही सर्वांत खालच्या श्रेणीतले शिपाई-निरोपे सर्वांत वरच्या साहेबांच्या सुमारे तिप्पट प्रमाणात हृदयविकाराने मेले. साहेबलोकांचा रोग म्हणून ज्याची ख्याती, तो शिपायालाच जास्त झाला. आणि फक्त वर-खाली असेही नव्हते. सचिवाखालच्याला सचिवापेक्षा जास्त, कारकुनाला त्याहून जास्त, शिपायाला सगळ्यांत जास्त. पायरीगणिक मरण वाढत होते. सिगारेट, बीपी, कोलेस्ट्रॉल यांचा हिशेब लावला तरी या फरकाचा अर्ध्याहून कमी भाग सुटला. पुढच्या अभ्यासात दिसले की ज्याच्या हातात स्वतःच्या कामावर कसलाच ताबा नाही, वरून हुकूम येतो आणि खाली मान घालायची एवढेच ज्याचे काम, त्याच्या हृदयाला धोका जास्त.

पायरीगणिक वाढत जाणारी ही रचना आम्हाला वाचल्याबरोबर ओळखू आली. बाबासाहेबांनी तिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. इंग्रजांच्या कचेरीत ती पदाची होती आणि संध्याकाळी सहाला सुटायची. आमच्याकडे ती जन्माची आहे, तिला सुट्टी नाही. भाड्याने घर बघायला गेल्यावर आडनाव विचारतात. मुकादम अरेतुरे करतो. दर अकरा महिन्यांनी कंत्राट तुटते. वरच्या आळीतला पोरगा मोबाइलवर शिवी लिहून पाठवतो आणि पोलीस चौकीत आधी आपल्यालाच बसवून ठेवतात. प्रत्येक वेळी शरीर लढायच्या तयारीत येते, बीपी चढते, साखर चढते. लढता येत नाही, पळता येत नाही, आणि हे वर्षानुवर्षे चालते. रात्रपाळीत झोप मोडते ती वेगळीच, आणि तिनेही धोका वाढतो. यावर उपाय म्हणून पहाटेचा प्राणायाम सांगतात. रात्रपाळीचा माणूस पहाटे घरी येतो, डॉक्टरसाहेब!

हे रक्तातच असेल, असे म्हणणारे विद्वान तिकडेही होते. काळ्या अमेरिकन लोकांत बीपीचे प्रमाण फार, म्हणून वंशाला दोष दिला जायचा. १९९७ साली रिचर्ड कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच मुळाच्या लोकांची तुलना केली. पश्चिम आफ्रिकेत बीपीचे प्रमाण १६ टक्के, कॅरिबियन बेटांत २६, अमेरिकेत ३३. पूर्वज तेच, समाज बदलला तसा आकडा चढला. वजन, मीठ, खाणे यांचा त्यात वाटा होताच, पण ते खाणेसुद्धा माणसाला त्याची वस्ती आणि त्याची मजुरी देते.

आणि ही गोष्ट जन्माच्याही आधी सुरू होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर बायांचा अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. आपले बाळ हाडा-मांसाने बारीक, पण त्या मानाने अंगावरची चरबी टिकून राहिलेली. पोटात उपाशी राहिलेले असे शरीर पुढे थोड्याशा वजनवाढीनेही मधुमेहाकडे झुकते, आणि मधुमेह आला की रक्तवाहिन्या लवकर खराब होतात. दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका इतर जगापेक्षा पाच-सहा वर्षे आधी येतो, त्यामागे तंबाखू, मधुमेह यांच्याबरोबर हेही एक कारण धरले जाते. आईने काय खाल्ले, आणि तिला कोणी काय खाऊ दिले, हा प्रश्न आहे. ज्यांच्या आज्यांनी उष्ट्यावर आणि येसकरपाळीच्या तुकड्यांवर बाळंतपणे काढली, त्यांच्या नातवाला ‘जीवनशैली सुधारा’ सांगणाऱ्याने हा इतिहास आधी वाचावा.

एवढे सगळे दुसऱ्याला सुनावल्यावर आता आपल्या घरात बघू. आमच्या चळवळीची बैठक सुरू व्हायच्या आधी काय फिरते? तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी. मनुस्मृती जाळणारे हात तळव्यावर मळत बसतात! ओढली तरच हृदयाला लागते, खाल्ली तर फक्त तोंडाचा कॅन्सर, असा समज आहे. तो खोटा आहे. इंटरहार्टमध्ये तंबाखू चघळणाऱ्यांचा हार्ट अटॅकचा धोका न खाणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त निघाला. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातला चारातला एक प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होता, आणि त्यातले बहुतेक खाणारेच. आपल्या आया-मावश्या सकाळी मिश्री लावतात, तीही तंबाखूच. जयंतीच्या मिरवणुकीमागे टेम्पोत काय असते ते सगळ्यांना माहीत आहे. दारूने बीपी वाढते, आणि पगार कुठे जातो ते घरच्या बाईला विचारा. बावीस प्रतिज्ञांतली दारूची प्रतिज्ञा पाठ आहे ना आपल्याला? व्यवस्थेने आम्हाला मारले हे खरे, पण पुडी काही मुकादम तोंडात कोंबत नाही. तंबाखू सोडली की धोका पहिल्या वर्षापासूनच उतरू लागतो. यासाठी कुणाकडे निवेदन द्यावे लागत नाही.

बायांबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण त्यांचे दुखणे घरात कोणी धरतच नाही. त्यांना छातीत कळ येईलच असे नाही. जबडा दुखतो, पाठ दुखते, दम लागतो, मळमळते, दोन पायऱ्या चढल्या की गळाल्यासारखे होते. घरचे म्हणतात थकवा आहे, वयाचे आहे. चाळिशीनंतर असे होऊन घाम फुटला तर ओवा देत बसू नका. १०८ ला फोन करा आणि जिथे ईसीजी निघतो तिथेच न्या. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन पहिल्या काही तासांत दिले तर स्नायू वाचतो. दवाखान्यात गॅस म्हणाले तर ठाम उभे राहून सांगा, आधी ईसीजी काढा. आमच्या मित्राच्या वेळी आम्ही हे बोललो नाही.

आता सरकार. या राज्यात महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाने जनआरोग्य योजना आहे. तिच्यात अँजिओप्लास्टी होते, बायपास होते, चांगली गोष्ट आहे. २०१७ साली स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली, औषधाचा लेप असलेला स्टेंट २९,६०० रुपयांच्या आसपास आला, तेही चांगले झाले. पण ही सगळी फाटल्यावर टाके घालण्याची योजना आहे. फाटू नये म्हणून लागणारी बीपीची गोळी जेनेरिक घेतली तर एक-दोन रुपयांची असते, आणि आमच्या भागातल्या सरकारी दवाखान्यात ती महिन्यातले अर्धे दिवस ‘संपली’ असते. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचे बीपी-साखर तपासायचे, असा सरकारचाच कार्यक्रम आहे. बीपीच्या रुग्णांची नोंद ठेवून त्यांना नियमित गोळ्या देण्याचा देशव्यापी उपक्रम २०१७ च्या अखेरीस सुरू झाला आणि पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. मग आमच्या वस्तीचे रजिस्टर कुठे आहे? १७ देशांतल्या दीड लाखाहून अधिक लोकांचा एक अभ्यास २०१४ साली छापून आला. गरीब देशांतल्या लोकांत धोक्याची कारणे श्रीमंत देशांपेक्षा कमी होती, तरी झटक्याने मरणारे जास्त होते. श्रीमंत देशातला माणूस तपासला जातो, त्याला गोळी मिळते, आमचा माणूस कागद खिशात घेऊन मरतो.

बाबासाहेबांना मधुमेह होता, बीपीचा त्रास होता, पायांच्या दुखण्याने झोप नव्हती. १९५६ साली वयाच्या अवघ्या ६५ व्या वर्षी झोपेतच ते गेले. त्या काळी बीपीवर फारसे काही हातात नव्हते. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा उपयोग १९४९ साली जगासमोर मांडला होता, पण लघवीवाटे मीठ काढून बीपी उतरवणारी सोयीची गोळी बाजारात आली १९५८ च्या सुमारास. कोलेस्ट्रॉल उतरवणारी स्टॅटिन १९८७ साली. त्यांच्या वेळी जे औषध बनलेलेच नव्हते ते आज चिल्लर पैशांत बनते, आणि तरीही त्यांचे लोक त्यांच्याहून वीस वर्षे लहान वयात मरतात. याचा जाब आम्ही विचारणार आहोत. मागण्या साध्या आहेत. उपकेंद्रात बीपी-साखरेच्या गोळ्या बारा महिने, एका वेळी तीस दिवसांच्या. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात चालू ईसीजी मशीन. कंत्राटी सफाई कामगारांची वर्षातून एकदा तपासणी, मालकाच्या खर्चाने. रेशनवर तेल-साखरेपेक्षा डाळ आणि शेंगदाणे. आणि हृदयविकाराच्या सरकारी आकड्यांत जात मोजा. घाबरता कशाला?

निवेदन दिले म्हणून आम्ही हातावर हात ठेवून बसणार नाही. अमेरिकेत ब्लॅक पँथरवाले आपल्या वस्त्यांतल्या मोफत दवाखान्यांत लोकांचे बीपी तपासायचे. २०१८ साली लॉस एंजेलिसमधल्या काळ्या लोकांच्या ५२ केशकर्तनालयांतला प्रयोग छापून आला. निम्म्या दुकानांत औषधतज्ज्ञ बसवले, त्यांनी तिथेच बीपी बघितले, तिथेच औषध सुरू केले. सहा महिन्यांत वरचा आकडा सरासरी २७ ने उतरला. ज्या दुकानांत नुसता सल्ला देऊन डॉक्टरकडे जा म्हटले तिथे ९ ने. लोक दवाखान्यात येत नसतील तर लोक जिथे बसतात तिथे दवाखाना जायला हवा. आमच्याकडे विहार आहे.

वर्गणी काढून आम्ही बीपीची दोन मशीन घेतली आहेत. नर्सिंगचा कोर्स करणाऱ्या वस्तीतल्या दोन मुली बसणार आहेत, आणि सरकारी दवाखान्यातले एक डॉक्टर महिन्यातून दोनदा येऊन गोळ्या लिहून देणार आहेत. नाव, बीपी, गोळी, पुढची तारीख असे चार रकाने असलेले रजिस्टर आहे. कोणी दोन रविवार आला नाही तर त्याच्या घरी माणूस जाईल. येत्या रविवारपासून सकाळी नऊला, वंदनेनंतर. चपला बाहेर काढा, पुडीही बाहेरच ठेवा. मागच्या शिबिराचा कागद घरात कुठे सापडला तर सोबत आणा.